मशीन बसवलं म्हणजे काळजी संपली का? पेसमेकर, हृदयाचे ठोके आणि आपली शाळा



"त्यांना मशीन बसवलंय, आता काही टेन्शन नाही." आमच्या तिसगावात, बाजारात किंवा एसटी स्टँडवर, हृदयाच्या पेशंटबद्दल बोलणं निघालं की हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. ऐकायला बरं वाटतं, पण ते अर्धंच खरं आहे. पेसमेकरने असंख्य लोकांचे प्राण वाचवले आहेत, त्यात शंका नाही. पण ठोके नीट चालावेत म्हणून बसवलेलं तेच यंत्र कधीकधी ठोक्यांची गडबडही करू शकतं. हे आपल्याला सहसा कुणी नीट समजावून सांगत नाही.

मी डॉक्टर नाही. डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे. त्यामुळे कुणाला औषध किंवा उपचार सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण अवघड गोष्ट सोपी करून सांगणं हे आपलं रोजचंच काम आहे. माझं म्हणणं सरळ आहे : ज्या घरात असं यंत्र बसवलेलं माणूस आहे आणि ज्या वर्गात असं मूल आहे, त्या घराला आणि त्या शाळेला या यंत्राची प्राथमिक माहिती असलीच पाहिजे. ही माहिती भीती घालण्यासाठी नाही. उलट ती नसली की भीती वाढते.

आधी हृदयाचं वेळापत्रक समजून घेऊ

हृदयाला चार कप्पे असतात, दोन वरचे आणि दोन खालचे. वरच्या उजव्या कप्प्यात पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तो ठरावीक वेळाने विजेचा बारीक इशारा देतो. आधी वरचे कप्पे आकुंचन पावतात. इशारा मधल्या एका नाक्यावर क्षणभर थांबतो, मग खाली जातो आणि खालचे कप्पे आकुंचन पावतात. मोठ्या माणसात विश्रांतीच्या वेळी हे मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा होतं, लहान मुलांत त्याहून जास्त. मिनिटाला ७२ धरले तर दिवसाचे १,०३,६८० ठोके होतात. चौथीच्या मुलांकडून हा गुणाकार जरूर करून घ्या, मुलं चकित होतात.

आता मधला नाका बंद पडला तर? वरचे कप्पे आपल्या गतीने चालतात, पण इशारा खाली पोचत नाही. ठोके मिनिटाला ३०-४० वर येतात, चक्कर येते, माणूस कोसळतो. यालाच हार्ट ब्लॉक म्हणतात. रक्तवाहिनीतला 'ब्लॉकेज' वेगळा आणि हा वेगळा. आपल्याकडे या दोन्हींची नेहमी गल्लत होते. हार्ट ब्लॉक म्हातारपणीच होतो असंही नाही. काही बाळं तो घेऊनच जन्माला येतात, तर काही मुलांना हृदयाचं छिद्र बुजवण्याच्या ऑपरेशननंतर होतो.

यंत्र काय काम करतं?

पेसमेकर म्हणजे काडेपेटीएवढी, त्याहून थोडी चपटी डबी. तिच्यात बॅटरी आणि छोटासा संगणक असतो. मोठ्या माणसांत ती गळ्याच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूला, त्वचेखाली बसवतात. तिच्यापासून एक किंवा दोन वायरी शिरेतून हृदयात जातात. लहान मुलांत बऱ्याचदा डबी पोटाच्या त्वचेखाली असते.

हे यंत्र दोन कामं करतं : ऐकणं आणि सांगणं. हृदयाचा स्वतःचा ठोका आला का ते ऐकतं आणि नाही आला तर इशारा देतं. दुसऱ्या प्रकारचं यंत्र असतं शॉक देणारं, ज्याला डॉक्टर आयसीडी म्हणतात. ठोके जीवघेण्या वेगाने पळायला लागले तर ते आतूनच शॉक देऊन हृदय ताळ्यावर आणतं.

शरीरात बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये स्टॉकहोमला बसवला गेला. इंजिनिअर रूने एल्मक्विस्ट, सर्जन ओके सेनिंग आणि पेशंट आर्ने लार्सन. ते पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पण लार्सन २००१ पर्यंत, वयाच्या ८६ व्या वर्षापर्यंत जगले. तोवर त्यांनी एकूण २६ यंत्रं वापरली होती. म्हणजे त्यांना एका यंत्राने नाही वाचवलं. यंत्र पुन्हा पुन्हा तपासणं, दुरुस्त करणं, बदलणं यानं वाचवलं. हीच गोष्ट आपण विसरतो.

मग यंत्रामुळे ठोके बिघडतात कसे?

१) प्रतिध्वनीचा गोंधळ. समजा, बाईंनी हाताने खूण केली की शिपाईमामा घंटा देतात. एकदा घंटेचाच आवाज भिंतीवर आपटून परत आला आणि मामांना वाटलं, पुन्हा सांगितलं. त्यांनी पुन्हा घंटा दिली. पुन्हा प्रतिध्वनी, पुन्हा घंटा. थांबायचं नावच नाही! दोन वायरींच्या पेसमेकरमध्ये अगदी असंच होऊ शकतं. यंत्राने खालच्या कप्प्याला इशारा दिला, तो उलटा वर गेला, वरच्या वायरीने तो 'ऐकला', यंत्राला वाटलं नवीन ठोका आला, म्हणून पुन्हा खाली इशारा. माणूस शांत बसलेला असतो आणि ठोके मात्र यंत्राच्या वरच्या मर्यादेवर, बऱ्याचदा १२०-१३० वर अडकून राहतात. छाती धडधडते, दम लागतो. यावर उपाय आहे. खाली इशारा दिल्यावर वरच्या वायरीने काही क्षण 'कान बंद' ठेवायचे, अशी सेटिंग डॉक्टर वाढवतात. नवीन यंत्रं हा गोंधळ स्वतःही ओळखतात. पण सेटिंग बदलायला पेशंट तपासणीला जायला हवा ना?

२) वरच्या गोंधळामागे धावणं. काही वेळा वरचे कप्पे नुसते थरथरायला लागतात. यंत्राने प्रत्येक थरथर खरी मानली तर तेही खालच्या कप्प्यांना पळवायला लागतं. अशा वेळी मागे धावायचं सोडून द्यायची सोय यंत्रात असते, पण ती नीट लावलेली आहे का, हे तपासणीतच कळतं.

३) वायर सरकणं किंवा तुटणं. पहिल्या काही आठवड्यांत वायर सरकण्याची शक्यता जास्त. म्हणून त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नका, जड उचलू नका, असं सांगतात. काही पेशंटना त्वचेखालची डबी चाचपायची, फिरवायची सवय लागते. डबी फिरली की वायर गुंडाळत जाते आणि हृदयातून निघून येते. डॉक्टरांनी याला १९६८ मध्येच ट्विडलर सिंड्रोम असं नाव दिलंय. लहान मुलं खाजवताना, चाळा म्हणून असं करू शकतात, म्हणून आईवडिलांनी लक्ष ठेवावं.

वायर आतून तुटली की तिच्यात खरखर होते, जुन्या रेडिओसारखी. यंत्राला ती खरखर म्हणजे हृदयाचे ठोके वाटतात. साधा पेसमेकर समजतो, "हृदय चालू आहे," आणि इशारा देणं थांबवतो, मग पेशंटला चक्कर येते. शॉक देणारं यंत्र समजतं, "ठोके भयंकर पळतायत," आणि शुद्धीवर असलेल्या माणसाला विनाकारण शॉक देतं. ऑक्टोबर २००७ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीला शॉक यंत्राच्या वायरीचा एक प्रकार याच कारणाने बाजारातून मागे घ्यावा लागला होता. जगभरात अशा दोन लाखांहून जास्त वायरी बसवल्या गेल्या होत्या. मुलांचं शरीर वाढतं, मुलं पळतात, पडतात. त्यामुळे त्यांच्या वायरीवर ताण जास्त येतो.

४) खूप वर्षांच्या इशाऱ्याचा परिणाम. वायर उजव्या खालच्या कप्प्यात असली की इशारा नेहमीच्या वाटेने जात नाही. उजवी बाजू आधी आणि डावी मागून आकुंचन पावते. कवायतीत अर्धी रांग एक पाऊल मागे राहावी तसं. काही पेशंटमध्ये वर्षानुवर्षे असं चाललं की हृदय कमजोर होतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डेव्हिड' नावाच्या अमेरिकी अभ्यासात शॉक यंत्राच्या पेशंटमध्ये, गरज नसताना जास्त इशारे देणाऱ्या सेटिंगने नुकसान झाल्याचं दिसलं. त्यानंतर 'गरजेपुरताच इशारा' हा विचार रुजला. आता हृदयाच्या मूळ वायरिंगलाच इशारा देण्याच्या नव्या पद्धतीही आल्या आहेत. मुलांना हे यंत्र आयुष्यभर वापरायचं असतं, म्हणून त्यांच्या हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टूडी इको, ठरलेल्या वेळी होणं फार गरजेचं आहे.

५) बाहेरची गडबड. चुंबक जवळ आणलं की बहुतेक पेसमेकर ऐकणं सोडून ठरावीक गतीने इशारे देत राहतात. शॉक यंत्र चुंबकाजवळ शॉक द्यायचंच थांबवतं. आपल्या शाळेच्या विज्ञान पेटीतलं चुंबक, डीजेचे मोठे स्पीकर, हेडफोन, काही नवे मोबाइल, या सगळ्यात चुंबक असतं. मोबाइल यंत्रापासून किमान १५ सेंटिमीटर लांब ठेवावा, शर्टाच्या वरच्या खिशात नको. इंडक्शन शेगडीपासून दोन फूट अंतर ठेवावं. वेल्डिंगचं काम डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. शिर्डीसारख्या ठिकाणी मेटल डिटेक्टरच्या दारातून सरळ चालत जावं, रेंगाळू नये, आणि हातातला डिटेक्टर छातीवर फिरवू देऊ नये.

आपल्या भागात आणखी एक धोका आहे तो अर्थिंगचा. मोटार, वॉशिंग मशीन, पाण्याचा हीटर यांतून बारीक करंट उतरत असेल तर आपल्याला नुसत्या मुंग्या येतात. पण यंत्राला ते ठोके वाटू शकतात आणि ते नको तेव्हा शॉक देऊ शकतं. अशा घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेल्या आहेत. म्हणून ज्या घरात असा पेशंट आहे, तिथे अर्थिंग तपासून घेणं हा औषधाइतकाच महत्त्वाचा खर्च समजा.

खरी अडचण यंत्राची नाही, तपासणीची आहे

वर सांगितलेल्या जवळपास प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे. बऱ्याचदा तो ऑपरेशनचाही नसतो. डॉक्टर त्वचेवर एक उपकरण ठेवून कॉम्प्युटरवर यंत्राची नोंद वाचतात आणि सेटिंग बदलतात. सुई नाही, टाके नाहीत. पण त्यासाठी नगर, पुणे किंवा जिथे यंत्र बसवलं तिथे जावं लागतं, आणि इथेच आपलं घोडं अडतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत पेसमेकर बसवण्याची सोय आहे. त्यामुळे गरीब घरातही हे यंत्र पोचलं, ही फार मोठी गोष्ट आहे. पण पाथर्डी-शेवगाव पट्ट्यातली किती कुटुंबं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, हे आपल्याला हजेरीपत्रकावरूनच कळतं. पाच-सहा महिने फडावर. तपासणीची तारीख जानेवारीत आली तर कोण कुणाला घेऊन जाणार? उचल घेतलेली असते, एक दिवस खाडा झाला तरी हिशोब चुकतो. मग तारीख चुकते, पुढची सुद्धा चुकते. माणूस वरून ठणठणीत दिसतो आणि आत बॅटरी संपत येते किंवा वायर झिजत जाते. मशीन बसवलं तो दिवस घरात सगळ्यांना पाठ असतो, पण पुढच्या तपासणीची तारीख कुणालाच आठवत नाही.

दुसरी अडचण कार्डाची. यंत्र बसवल्यावर पेशंटला एक ओळखपत्र मिळतं. त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर, बसवल्याची तारीख असते. ते बहुधा इंग्रजीत असतं आणि ट्रंकेच्या तळाशी जातं. हे कार्ड किती मोलाचं आहे, याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. एका परदेशी कंपनीचे सदोष कृत्रिम खुबे २०१० मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याबाबत तक्रारही नोंदवली. पण केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा अहवाल २०१८ मध्ये समोर आला, तेव्हा हजारो पेशंटचा पत्ताच लागत नव्हता. शरीरात सदोष वस्तू आहे आणि ज्याच्या शरीरात आहे त्यालाच निरोप पोचत नाही! हृदयातल्या वायरीबाबत असं व्हायला नको असेल तर कार्ड जपा, मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवा, आणि नंबर बदलला की हॉस्पिटलला कळवा. अशा उपकरणांच्या त्रासाची नोंद घेण्यासाठी आपल्या देशात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स नावाचा कार्यक्रमही आहे. यंत्राबद्दल शंका असेल तर "याची तिथे नोंद केली का?" असं डॉक्टरांना नम्रपणे विचारायला हरकत नाही.

वर्गात असं मूल असेल तर

काही पालक शाळेला सांगतच नाहीत. मुलीच्या बाबतीत तर नाहीच : "उद्या लग्नाला अडचण येईल." ही भीती मी समजू शकते. पण पालकहो, दिवसाचे सहा तास मूल आमच्याजवळ असतं. आम्हाला माहीत नसेल तर चक्कर आल्यावर आम्ही 'उपाशी आलं असेल' म्हणून सोडून देऊ. मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक, एवढ्या दोघांना तरी सांगा. गुप्तता राखणं ही आमची जबाबदारी.

आणि शिक्षकांनो, कळल्यावर दुसऱ्या टोकाला जाऊ नका. त्या मुलाला कायमचं झाडाखाली बसवून इतरांची दप्तरं सांभाळायला लावणं हाही अन्यायच आहे. पेसमेकर असलेली बहुतेक मुलं पळू शकतात, खेळू शकतात. कबड्डी, कुस्तीसारखे थेट धडकेचे खेळ मात्र डॉक्टरांना विचारूनच. शॉक यंत्र असेल तर धावण्याची मर्यादाही विचारून घ्यावी. कारण पळताना मुलाचे ठोके सहज १८० च्या पुढे जातात, आणि यंत्राची मर्यादा खाली ठेवलेली असेल तर ते निरोगी धावण्यालाही आजार समजू शकतं.

वर्गशिक्षकांच्या टाचणवहीच्या मागच्या पानावर एवढं लिहिलेलं असावं :

• यंत्र कोणतं : साधा पेसमेकर की शॉक देणारं?
• कुठे आहे : छातीत की पोटात?
• कमीत कमी किती ठोके लावलेले आहेत?
• पालकांचा आणि हॉस्पिटलचा फोन नंबर
• पुढच्या तपासणीची तारीख

मूल घेरी येऊन पडलं, छाती सारखी धडधडते म्हणालं, यंत्राच्या जागी सूज, लाली किंवा पू दिसला, किंवा उचकी थांबतच नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. शॉक एकदाच बसला आणि मूल बरं असेल तरी त्याच दिवशी कळवा. शॉक पुन्हा बसला किंवा शुद्ध गेली तर लगेच १०८. हाक मारून उठत नाही आणि श्वास नीट चालत नाही असं दिसलं तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब द्यायला सुरुवात करा. "आत मशीन आहे, हात लावू नका," असं कुणी म्हणेल. ऐकू नका. यंत्र असलं तरी छातीवर दाब द्यायचाच असतो, आणि आतल्या शॉकने मदत करणाऱ्याला फार तर झिणझिण्या येतील, इजा होत नाही.

"हेही शिक्षकांनीच करायचं का?"

हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. पोषण आहार, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम यातून शिकवायला वेळ उरत नाही, हे मीही रोज अनुभवते. पण मी नवीन रजिस्टर मागत नाहीये. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून आरोग्य पथक शाळेत येतंच. त्यांच्या तपासणीत "शरीरात बसवलेलं उपकरण आणि पुढच्या तपासणीची तारीख" अशी एक ओळ वाढवली, तरी खूप झालं. मूल ऊसतोडीला गेलं तर ती ओळ त्याच्याबरोबर दुसऱ्या शाळेत जावी. हॉस्पिटलने कार्डाबरोबर एका पानाची मराठी माहिती द्यावी. यातली कुठलीच गोष्ट खर्चिक नाही.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळं सांगितलं तर लोक घाबरून यंत्रच बसवून घेणार नाहीत. मला तसं वाटत नाही. ट्रॅक्टर घेताना आपण सर्व्हिसिंग विचारतो, म्हणून ट्रॅक्टर घ्यायचं थांबतो का? डॉक्टरांनी पेसमेकर लागेल म्हटलं तर तो बसवावाच. न बसवण्याचा धोका यंत्राच्या कुरबुरींपेक्षा फार मोठा असतो. माणूस घाबरतो ते अचानक काही घडलं म्हणजे. आधी माहीत असेल तर तो फोन उचलतो.

वर्गात घेता येईल असा उपक्रम

तिसरी ते पाचवीच्या परिसर अभ्यासात शरीराचा भाग आला की मुलांना मनगटावरची नाडी मोजायला शिकवा. पूर्ण एक मिनिट मोजायची. बसून एकदा, जागेवर पन्नास उड्या मारून एकदा (ज्याला मनाई आहे त्याने घड्याळ धरायचं), पुन्हा पाच मिनिटांनी एकदा. तक्ता करा, स्तंभालेख काढा. गणित, विज्ञान, भाषा सगळं एकाच तासात होतं. मग गृहपाठ : घरातल्या आजी-आजोबांची नाडी मोजून आणा.

ज्यांच्या घरी पेसमेकर आहे त्यांना या गृहपाठाचा खरा उपयोग होतो. शांत बसलेलं असताना नाडी कार्डावरच्या कमीत कमी आकड्यापेक्षा खाली आली, किंवा विनाकारण १२०-१३० वर अडकून राहिली, तर दहा मिनिटांनी पुन्हा मोजा, आणि तशीच असेल तर डॉक्टरांना फोन करा. जादा ठोक्यांमुळे मनगटावर आकडा चुकू शकतो, म्हणून निष्कर्ष आपण काढायचा नाही, फक्त कळवायचं. चक्कर किंवा दम असेल तर मात्र पुन्हा मोजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

पालकहो, आज रात्री जेवणं झाल्यावर एवढं करा. घरात, भावकीत, शेजारी कुणाला यंत्र बसवलेलं असेल तर त्यांचं कार्ड शोधा आणि पुढच्या तपासणीची तारीख बघा. ती उलटून गेली असेल तर उद्याच फोन लावा. आणि ते फडावर जाणार असतील तर जायच्या आधी डॉक्टरांना सांगून तारीख बदलून घ्या, जवळचं हॉस्पिटल विचारून ठेवा. यंत्र हृदयाचे ठोके सांभाळतं, पण त्या यंत्राला सांभाळणारं माणूस घरात हवंच.